जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क आणि बेअरिंग

पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क आणि त्याच चाकाचे बेअरिंग दुकानात वेगवेगळे मिळतात आणि बिलातही वेगवेगळे लागतात, पण गाडीत दोन्ही एकाच जोडणीचे भाग असतात. डिस्क हबवर बसते आणि हब बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगला चाल आली की नवी कोरी डिस्कही डुलत फिरते, तिचे पॅड एका बाजूला जास्त झिजतात आणि काही हजार किलोमीटरांत डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क गेली’ असा निकाल गॅरेजमध्ये पटकन दिला जातो. डिस्क बदलल्यावर महिना-दोन महिने बरे वाटते आणि थरथर परत येते. हा खर्च टाळायचा असेल तर डिस्क विकत घेण्याआधी बेअरिंग तपासावे.

प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या ॲम्बॅसडरला पुढेही ड्रम ब्रेकच होते, त्यामुळे डिस्कचा प्रश्न प्रामुख्याने त्यानंतरच्या पिढीचा. नांदेडच्या एमएच २६ आणि लातूरच्या एमएच २४ पासिंगच्या जुन्या गाड्यांत पुढच्या हबची रचना साधारण दोन प्रकारची आढळते. टाटा सुमो किंवा दोन चाकी ड्राइव्हची बोलेरो अशा मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. ती उघडता येतात, धुता येतात आणि ग्रीस भरून पुन्हा बसवता येतात. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) दाबून बसवलेले असते. काहींत दोन स्वतंत्र बॉल बेअरिंग, काहींत दुहेरी ओळींचे एकच. बंद बेअरिंगची सर्व्हिसिंग नसते, ते खराब झाले की बदलायचे. कामाला हात घालण्याआधी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे समजून घ्यावे, कारण पुढची सगळी हत्यारे आणि वेळेचा अंदाज त्यावर ठरतो.

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणारा रस्ता बराचसा सपाट आहे. तिथे ब्रेक फार तापत नाहीत. खरी उष्णता माहूरच्या चढ-उतारावर किंवा तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना तयार होते. एरवी नांदेड-लातूरच्या भागात डिस्क आणि बेअरिंगला उष्णतेपेक्षा माती आणि पाणी जास्त खाते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत चिकटतो, वाळून दगडासारखा होतो आणि डिस्कमागच्या पत्र्यात अडकून डिस्कवर गोल चरे पाडतो. त्याहून वाईट म्हणजे ओढ्याच्या फरशी पुलावरून गाडी पाण्यात घालणे. लांबून आलेल्या गाडीचा हब गरम असतो. तो एकदम थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. आतले ग्रीस मात्र दुधासारखे पांढरट होते आणि रोलरवर गंजाचे ठिपके पडू लागतात. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरचे पाणी थेट हबच्या मागे मारल्यानेही तेच होते. काळीपिवळी म्हणून चाललेल्या जुन्या जीपगाड्यांत यात क्षमतेपेक्षा जास्त प्रवाशांच्या वजनाची भर पडलेली असते. अशी गाडी विकत घेतली असेल तर बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

तपासणी रस्त्यावरच सुरू होते. खराब बेअरिंगचा आवाज घोंघों असा, वेगाबरोबर वाढणारा असतो आणि ब्रेक दाबण्याशी त्याचा संबंध नसतो. ५०-६० च्या वेगात मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकांवर जाते. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगवर संशय घ्यावा, डावीकडे वळवताना वाढला तर उजव्या. टायर खड्डे पडल्यासारखे झिजले असतील तर जवळपास असाच आवाज येतो, पण तो रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी नेली की फरक कानाला कळतो.

यानंतर चाक उचलून पाहायचे. गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणे हा या कामातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जीवघेणा शॉर्टकट आहे. काळ्या मातीच्या अंगणात तर जॅकखाली जाड फळी नसेल तर तो एका बाजूला रुततोच. चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवावा आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर चाल नाहीशी झाली तर ती बेअरिंगची, तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमधली. चाक डावी-उजवीकडे धरून हलवताना आलेली चाल बहुतेक वेळा टाय रॉड एंडची असते. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगवरच्या बोटांना कळते.

बेअरिंग निर्दोष निघाले तर डिस्ककडे वळावे. किमान जाडीचा आकडा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशने घासून काढावा. जाडी मोजायला मायक्रोमीटर हवा. व्हर्नियर चालत नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियरचे पाय त्यावरच टेकतात. कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी जाडी घ्यावी. दोन जागांत ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर पेडलखाली हिसके बसण्याचे कारण सापडले. डोलण्याची तपासणी डायल गेजने होते. बहुतेक गाड्यांत मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते. वहीचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे अर्ध्या कागदाइतका डोलही कधी कधी जास्त ठरतो. डिस्क ‘वाकली’ असे सर्रास म्हटले जात असले तरी बिडाची डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणे कमीच. जाडीतला फरक, पॅडचा असमान बसलेला थर आणि हबवरचा गंज हीच नेहमीची कारणे.

लेथवर डिस्क घासून घ्यावी का, हा प्रश्न दर वेळी येतो. डिस्क पुरेशी जाड असेल आणि चरे वरवरचे असतील तर घासणे योग्य. मात्र घासल्यानंतरही ती किमान जाडीच्या वर राहिली पाहिजे, आणि लेथवाल्याने ती बाहेरच्या कडेला न धरता मधल्या भोकावर, हबला टेकणारे तोंड आधार धरून बसवली पाहिजे. ही काळजी घेतली नाही तर घासलेली डिस्क आधीपेक्षा जास्त डोलते. लहान गाड्यांच्या सपाट, मध्ये हवेची पोकळी नसलेल्या डिस्क मुळातच पातळ असतात. त्यांच्या बाबतीत नवी घेणेच बरे. डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात आणि त्यांच्यासोबत पॅडही नवे टाकावेत, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतात. बेअरिंगला हा नियम लागू नाही. एक खराब झाले म्हणून दुसरे चांगले बेअरिंग काढून टाकण्यात शहाणपण नाही.

जुन्या मॉडेलचा भाग नांदेड-लातूरच्या दुकानात नसला तर तो पुण्याहून किंवा हैदराबादहून मागवावा लागतो, म्हणून भाग हातात आल्याशिवाय चाक उघडू नये. बेअरिंगच्या बाबतीत नकली मालाचा धोका मोठा आहे. छपाई पुसट, खोका जुना आणि भाव संशयास्पद कमी असेल तर सोडून द्यावे. जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर टिपून घेऊन नव्याशी जुळवावा. ‘सेम साइज आहे’ या शब्दावर अवलंबून राहू नये. नवे ऑइल सील आणि नवी स्प्लिट पिन किमतीने किरकोळ असतात. जुनी परत वापरण्याचे कारण नाही.

चाक काढल्यावर कॅलिपरचे बोल्ट सोडवून तो बाजूला घ्यावा आणि तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर तो लोंबकळू देणे घातक आहे, नळी बाहेरून धड दिसली तरी आतून फाटते. कॅलिपर निघालेला असताना कोणी ब्रेक पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येतो, म्हणून चालकाचा दरवाजा बंदच ठेवावा. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो आणि तो फुफ्फुसात गेला की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावे किंवा ब्रेक क्लीनर मारून धूळ खाली बसवावी.

बऱ्याच गाड्यांत डिस्क हबवर नुसती टेकलेली असते आणि एक-दोन स्क्रूंनी धरलेली असते. गंजून अडकली असेल तर तिच्या अंगावर आटे असलेली दोन भोके शोधावीत. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क आपोआप सुटून वर येते. हातोडा चालवायचाच असेल तर तो टाकून द्यायच्या डिस्कवर, आणि बेअरिंग चांगले असेल तर तेवढाही नको, कारण प्रत्येक ठोका बॉलमधून बेअरिंगच्या धावपट्टीवर उमटतो. काही मॉडेलांत मात्र डिस्क हबच्या आतल्या बाजूने बोल्टने जोडलेली असते आणि हब काढल्याशिवाय निघत नाही. टेपर बेअरिंगच्या गाड्यांतही बहुधा हब आणि डिस्क एकत्रच बाहेर येतात. अशा गाडीत डिस्कच्या कामाबरोबर बेअरिंगची सर्व्हिसिंग न करणे म्हणजे अर्धी मजुरी वाया घालवणे.

टेपर बेअरिंगचे काम घरच्या हत्यारांनी होते, पण त्याला स्वच्छता आणि सबुरी लागते. मधली टोपी काढून, स्प्लिट पिन उपसून, नट आणि वॉशर काढले की हब थोडा पुढे ओढताच बाहेरचे लहान बेअरिंग हातात येते. हब उतरवून मागचे सील काढले की आतले मोठे बेअरिंग सुटते. डाव्या-उजव्या बाजूचे भाग एकाच तसराळ्यात टाकू नयेत. वापरलेला कोन (रोलरांसह आतली रेस) त्याच्याच कपाशी (बाहेरच्या रेसशी) जमलेला असतो. जुने ग्रीस रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन काढावे आणि बेअरिंग पूर्ण वाळू द्यावे. वाळवताना हवेच्या झोताने ते गरगर फिरवण्याची मजा अनेक हेल्पर घेतात. ग्रीस नसलेले बेअरिंग त्या वेगाने फिरले तर खराब होते, आणि पिंजरा फुटला तर रोलर गोळीसारखे उडतात.

धुतलेले बेअरिंग उजेडात फिरवून पाहावे. रोलरवर किंवा कपात खड्डे, पापुद्रे, गंजाचे ठिपके, अतिउष्णतेची निळसर छटा यांपैकी काहीही दिसले तर कप आणि कोन दोन्ही नवे घ्यावेत. नुसता कोन बदलून जुना कप तसाच ठेवणे ही काटकसर फार दिवस टिकत नाही. जुना कप हबच्या आतल्या खाचांतून पितळी दांड्याने, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोकत काढतात. नवा कप बसवताना जुना कप उलटा वर ठेवून त्यावर ठोकावे. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, ठणठणीत होतो. तोपर्यंत थांबू नये आणि त्यानंतर ठोकू नये.

ग्रीस व्हील बेअरिंगसाठीचे, जास्त तापमान सोसणारे लिथियमचे असावे. जुन्यात नवे मिसळू नये, कारण वेगवेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र आले की कधी कधी पातळ होऊन वाहू लागते. भरण्याची पद्धत साधी आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहावी, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडे फिरवून पुढचा भाग, असे पूर्ण चक्र. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांश ते निम्मेच ग्रीस असावे. ठासून भरलेला हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर पडते आणि डिस्क-पॅडवर येते. तेलकट पॅड धुऊन वापरण्यात अर्थ नाही, ते फेकावेच लागतात.

चूक होते ती नट आवळताना. हब चढवून हाताने फिरवत असतानाच नट पान्याने बऱ्यापैकी आवळावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करावा आणि पुन्हा फक्त बोटांनी, थांबेल तिथपर्यंत फिरवावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा मागे घ्यावा, पुढे आवळून जुळवू नये. अशा हबला जेमतेम जाणवेल इतकी चाल राहते, डायल गेजवर ती साधारण ०.०३ ते ०.१० मिलिमीटर भरते. काही मॉडेलांत कंपनीने उलट थोडा ताण ठेवायला सांगितलेला असतो. तिथे त्या गाडीच्या मॅन्युअलचाच आकडा धरावा. ‘घट्ट म्हणजे पक्के’ या समजुतीने ताणून आवळलेले टेपर बेअरिंग रस्त्यात जाम होते, आणि अशा वेळी चाक निखळल्याच्या घटनाही घडतात.

नकलमध्ये दाबलेल्या बेअरिंगचे काम घरच्या अंगणात करू नये. नकल सोडवून वर्कशॉपमधल्या हायड्रॉलिक प्रेसवर नेणे हा योग्य मार्ग. मालकाने तिथे उभे राहून एवढेच पाहावे की बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या रेसवर आणि हब बेअरिंगमध्ये घालताना आधार आतल्या रेसला दिला जातोय. उलट केले तर सगळा दाब बॉलमधून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घोंघों करू लागते. जुन्याची आतली रेस हबवर अडकून राहिली तर ती पुलरने काढावी. गॅसने कापून काढताना हबला खाच पडली तर हबही बदलावा लागतो. ॲक्सलचा नट नवा वापरावा आणि तो टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळावा. तो आवळेपर्यंत गाडी जमिनीवर ढकलू नये, कारण नट सैल असताना बेअरिंगवर गाडीचे वजन आले तर ते बिघडू शकते.

आता डिस्क. हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करावे. सगळ्यात दुर्लक्षित होणारी पायरी हीच, आणि वर सांगितलेल्या अर्ध्या कागदाच्या हिशेबात गंजाचा एक पापुद्राही बसत नाही. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे. डिस्क चढवून दोन-तीन नट सपाट वॉशर घालून आवळावेत आणि डायल गेज लावावे. डोल जास्त आला तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. हब आणि डिस्कमधले बारीक दोष कधी एकमेकांना वाढवतात, कधी मारून टाकतात. सगळ्या जागा पाहूनही डोल कमी होत नसेल तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा आहे, डिस्क परत करून उपयोग नाही.

कॅलिपरच्या सरकत्या पिन काढून, पुसून, त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने त्यांचे रबर फुगते आणि पिन अडकतात. पिन अडकली की आतला पॅड झिजून जातो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. असे दृश्य दिसले तर दोष पॅडच्या कंपनीला देऊ नये. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष असावे, ती भरून वाहिली तर बॉनेटखालचा रंग उडतो. गाडी पंधरा वर्षे ओलांडून फेरनोंदणीसाठी आरटीओत न्यायची असेल तर याच वेळी रबरी नळ्या वाकवून तडे पाहावेत आणि ऑइलही बदलावे. डॉट ३ चे नवे ऑइल किमान २०५ अंशांना आणि डॉट ४ चे २३० अंशांना उकळते, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओले झाल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत घसरू शकतात. घाटात ब्रेक तापले की अशा ओल्या ऑइलची वाफ होते आणि पेडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घेणे पुरेसे. डॉट ५ चे सिलिकॉन ऑइल यात मिसळू नये.

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळावेत. न्यूमॅटिक गनने एकेक नट ठोकून आवळल्यास डिस्क हबवर तिरकी बसते आणि डोल मोजण्यात घालवलेला तास वाया जातो. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा पेडल जमिनीला टेकते. हे विसरून गाडी गेटबाहेर काढणारे थेट भिंतीवर जातात.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवून घ्यावे लागतात. पहाटे वर्दळ नसलेल्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबाने वेग २० पर्यंत उतरवावा, पूर्ण थांबू नये, थोडे अंतर चालवून पुन्हा तेच, असे आठ-दहा वेळा. मग ब्रेक न दाबता काही किलोमीटर चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर तेवढ्याच जागी पॅडचा थर चिकटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत. तापलेल्या डिस्कवर वॉशिंगचे पाणीही मारू नये.

सुमारे शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासावेत. टेपर बेअरिंगच्या गाडीत पाचशे किलोमीटरांनंतर चाक उचलून चाल पाहावी, कारण नवे कप थोडे आत बसतात आणि नट पुन्हा जुळवावा लागू शकतो. त्यानंतर मॅन्युअलने दिलेल्या अंतराला ग्रीसिंग. गाडी हबपर्यंत पाण्यात गेली असेल तर मात्र अंतराची वाट न पाहता त्याच आठवड्यात हब उघडून ग्रीसचा रंग पाहावा. दाबलेल्या बंद बेअरिंगच्या गाडीत उघडण्यासारखे काही नसते. तिथे महिनाभर आवाजावर कान ठेवावा आणि घोंघों सुरू झाली की बेअरिंग बदलून घ्यावे.